सहाव्या तळघरातला चोंबड्या

रविवार, ४ फेब्रुवारी

धाकट्या,

चोंबड्या जिवंत आहे.

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडायला घेतलं असशील तर थांब. एवढं वाच, मग खुशाल फाड. आपल्या खेळातला कुत्रा रे, जो प्रत्येक खोलीत आपल्या आधी जाऊन नाक खुपसायचा म्हणून तू त्याचं नाव चोंबड्या ठेवलंस. तो अजून सहाव्या तळघरात फिरतोय.

झालं असं, की मी खोली बदलली. एकटीला मोठी खोली काय करायची, म्हणून त्याच इमारतीत वरची लहान घेतली. सामान काढताना पलंगाखालून बाबांचा जुना कॉम्प्युटर निघाला, चादरीत गुंडाळलेला. मी काही टाकत नाही हे तुला ठाऊकच आहे. 'चिंगूस ताई' उगाच नाही म्हणायचास. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण उघडून फुंकर मारली, स्वतःच चार वेळा शिंकला आणि म्हणाला, "मावशी, हे डबडं महिनाभर चाललं तर मी नाव बदलेन." पण सुरू झालं! तोच काळा पडदा, तीच पांढरी अक्षरं. आपण म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते वेटोळं, कुत्रा म्हणजे एक अक्षर, भिंती म्हणजे रेघा. यात काय बघायचं असतं तासन् तास, असं आई म्हणायची आणि मग स्वतःच मागे उभी राहून विचारायची, "मेलात का?"

मेलो नाही. या खेळात एकदा मेलं की सगळं पुसून जातं, परत पहिल्या पायरीपासून. आपण मात्र आठव्या तळघरात, बारा वर्षं तसेच उभे आहोत. पोतडीत तो दिवा आहे. घासला की धूर येतो, आतला राक्षस बाहेर निघतो आणि ओळ उमटते, "बोल, काय हवं?" तीन इच्छा. एकही वापरलेली नाही. दिवा एकट्यानं घासायचा नाही, दोघांनी ठरवून मागायचं, हा आपला नियम होता. तू नोकरीसाठी गेलास आणि ठरवायचं राहून गेलं.

म्हणून विचारतेय. काय मागू? आईबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. नऊ वर्षं तू बोलत नाहीस, तर एका पत्रानं बोलशील अशी माझी समजूत नाही. नुसतं खेळाबद्दल लिहिलंस तरी चालेल.

पत्ता आपल्या गल्लीतल्या छत्रीवाल्याच्या मुलाकडून घेतला, तुझ्या वर्गातल्या. त्याच्यावर चिडू नकोस, मीच त्याच्या मागे भुणभुण लावली होती.

ताई

रविवार, ११ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. बरं.

मी पहिली इच्छा वापरली. ओरडू नकोस, तुलाच विचारून वापरली. कॉम्प्युटरच्या पेटीतच तुझी निळी वही सापडली. चौदाव्या वर्षी काय माज होता रे तुझ्या अक्षरात! पहिल्याच पानावर: "तलवार मागणारा गाढव. तलवारी वाटेत पडलेल्या असतात. जे कुठेच सापडत नाही तेच मागावं." त्याखाली: "आधी चिलखत." त्याखाली: "तीनपेक्षा जास्त नग मागितले तर राक्षस चिडतो आणि एकच देतो." आणि शेवटी, दोन रेघा मारून: "इच्छा साठवणारा इच्छेसकट मरतो." ही ओळ माझ्यासाठीच लिहिली होतीस ना? मी म्हणायचे, राहू दे, पुढे जास्त गरज पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आपण तीनदा भरल्या पोतडीनिशी मेलो.

तर चिलखत मागितलं. चकाकणारं आलं, म्हणजे तसं लिहून आलं. सकाळी कामावर जाण्याआधी अर्धा तास खेळते. मग दिवसभर दात. सध्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी चालू आहे. त्यांना स्वतःचे होते तसेच दात हवेत, पुढचा एक किंचित वाकडा. मेणात बसवून मी तीनदा सरळ केला, सवयीनं, आणि तीनदा परत वाकडा केला. माझ्या शेजारच्या टेबलावर पॉलिशवाली बसते. ती म्हणाली, "बाई, तुमच्या कवळ्या तुमच्यापेक्षा जास्त हसतात." मी हसले नाही, म्हणजे तिचंच खरं झालं.

एक कबूल करायचं आहे. चोंबड्या सहाव्यात आणि आपण आठव्यात, हे कसं, असा प्रश्न तुला पडला असेल. तू गेल्यावर पहिल्याच रविवारी मी एकटीच खेळायला बसले होते. कुत्रा शेजारच्या चौकोनात असला तरच जिन्यावरून आपल्याबरोबर येतो, हे मला माहीत होतं. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी हुंगत होता. मी म्हटलं, येईल मागून. आणि उतरले. मग आणखी एक जिना उतरले. मग कंटाळा आला आणि बंद केलं. ते आजपर्यंत.

आईबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, पण एवढंच सांगते, कारण तू ते विसरतोस. "धाकट्याला कळवू नकोस" हे आईनंच मला सांगितलं होतं. मी फक्त तिचं ऐकलं. त्याची शिक्षा मला नऊ वर्षं का, हे मला कळत नाही.

ताई

रविवार, १८ फेब्रुवारी

धाकट्या,

दुसरी इच्छा गेली. कशी गेली ते वाचलंस तर तू खुर्चीवरून पडशील, म्हणून आधी नीट बस.

चोंबड्याला आणायला वर गेले. आठव्यातून सातव्यात, सातव्यातून सहाव्यात. त्याच खोलीत होता, त्याच कोपऱ्यात. माझ्याकडे धावत आला आणि मी वेड्यासारखी, खरंच सांगते, खुर्चीत बसल्या बसल्या "ये रे" म्हणाले. मोठ्यानं. खालच्या खोलीत ऐकू गेलं असेल. पडद्यावर ओळ आली, "चोंबड्या तुला चावतो." परत तीच ओळ. परत तीच. फार दिवस एकटा ठेवला की कुत्रा रानटी होतो, तुझ्या वहीत आहे. मी ते पान नंतर वाचलं.

चिलखत होतं म्हणून वाचले, नाहीतर तिथंच संपलं असतं. चाळिसातला सहाच जीव उरला. मी घाबरून दिवा घासला आणि जखमा भरून काढणारं औषध मागितलं. प्यायले, पळाले, दार लावून घेतलं. जीव भांड्यात पडला. मग जरा शांतपणे पोतडी उघडून बघितली तर सात बाटल्या! कधी चाखल्याच नव्हत्या, पुढे लागतील म्हणून. एकेक चाखत गेले. तिसरी बाटली, अगदी तेच औषध. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हे. माझ्या पाठीवर असलेली वस्तू मी राक्षसाकडे हात पसरून मागितली.

हे कुणाला सांगणार? पॉलिशवालीला सांगायला लागले, तर ती म्हणाली, "कुत्रा चावला? मग इंजेक्शन घेतलं का?" सांगायला माणूस तोच लागतो. तोच नसेल तर गंमत घशात अडकून राहते.

खिडकीत तुझ्या दातांचा साचा ठेवलाय. आठवतो का? मी नुकतीच कामाला लागले होते, माप घ्यायचा हात बसावा म्हणून तुला पकडलं होतं. तोंडात लगदा भरलेला असताना तुला हसू फुटलं आणि सगळा तुझ्या नाकातोंडाला लागला. दुसऱ्यांदा नीट आला. डाव्या बाजूचा सुळा पुढे आलेला, सोळाव्या वर्षीचा. नऊ वर्षांत तुझं तोंड म्हणून मी एवढंच पाहिलंय. कधी कधी त्याच्याशी बोलते. नव्या खोलीत दुसरं कुणी नाही आणि भिंतींशी बोलण्यापेक्षा दातांशी बरं.

आता एकच इच्छा उरली. त्या खेळात माया लावणारा एक मंत्र आहे, वाचला की कितीही रानटी जनावर आपलं होतं. तो मागावा म्हणते. चिलखतासारखा उपयोगाचा नाही, मला कळतं. पण त्या कुत्र्याला तिथं सोडून मला पुढे जायचं नाही. तू नको म्हणालास तर नाही मागणार. कॉम्प्युटर सुरू व्हायला आता तीनदा बटण दाबावं लागतं, तेव्हा लवकर कळव.

ताई

गुरुवार, २९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड आलं.

ना प्रिय, ना ताई, ना सही. चार ओळी. "कुत्र्यावर इच्छा घालवू नकोस. खायला टाक. एकदा पाळलेला आहे, तो ओळखतो. हातानं होतं ते मागायचं नसतं." पोस्टमननं कामाच्या जागीच आणून दिलं. माझ्या हाताला मेण होतं, तसंच घेतलं, आता कार्डावर माझा अंगठा उमटलाय. पॉलिशवाली म्हणाली, "वाईट बातमी का हो?" मी रडत होते म्हणून विचारलं असणार. मी म्हटलं, भावाचं पत्र आहे. तिला वाटायचं मला भाऊच नाही.

ही चार अक्षरं नसती आली तर पुढचं लिहायची हिंमत झाली नसती. आली आहेत तेव्हा लिहिते. एका दमात लिहिते, खाडाखोड झाली तर तशीच वाच.

"धाकट्याला कळवू नकोस" असं आई कधीही म्हणाली नाही.

सोमवारी डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. मी मान हलवली. तू नुकतीच नोकरी बदलली होतीस, रजा एकदाच मिळेल असं तूच फोनवर म्हणाला होतास. मी म्हटलं, आत्ता बोलावलं आणि ती सावरली, तर? आधीही दोनदा सावरली होती. मग खरी वेळ येईल तेव्हा रजा कुठून आणायची? तुझी ती एक रजा मी जपून ठेवली, धाकट्या. बाटल्या ठेवते तशी. मंगळवारी तिनं विचारलं, "धाकटा आला का?" मी म्हटलं, निघालाय. बुधवारी दारात नर्सची सावली पडली, तिला वाटलं तू. परत विचारलं. मी म्हटलं, येतोच आहे. फोन माझ्या मांडीवर होता. गुरुवारी सकाळी मी तोंड धुऊन आले तोवर ती गेली होती. मग फोन केला. बैल गेला आणि झोपा केला.

आणखी एक आहे, तेही लिहिते, नाहीतर हेही अर्धंच खरं होईल. तीन वर्षं तिचं सगळं मी केलं होतं. तू रविवारी फोन करायचास आणि ती दिवसभर त्यावरच जगायची. मला राग यायचा. मुद्दाम नाही कळवलं असं नाही, पण राग नसता तर फोन उचलायला हात इतका जड झाला नसता.

शुक्रवारी तू आलास. जिन्यातच विचारलंस, "मला का नाही सांगितलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आईच नको म्हणाली." माझी चूक मी तिच्या माथी मारली, आणि ती काही उलट बोलायला येणार नव्हती. तू म्हणालास, "शेवटीही मी नको होतो का तिला?" तेव्हा मला खरं सांगता आलं असतं. दोन पायऱ्यांचं अंतर होतं आपल्यात. मी गप्प राहिले आणि तू उतरून गेलास. मग मला वाटत राहिलं, सांगू, योग्य वेळ आली की सांगू. अडीच आठवड्यांपूर्वी एकाच पत्रात कुत्र्याचं खरं सांगितलं आणि खाली तेच खोटं पुन्हा लिहिलं, तोंड वर करून! मलाच माझी लाज वाटली.

तू तिला हवा होतास. दोनदा विचारलं तिनं, आणि दोन्ही वेळा तुझंच विचारलं. मी शेजारी बसलेली असताना. नऊ वर्षं हे तुझं होतं आणि मी ते माझ्याकडे दाबून ठेवलं. माफ कर असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. तरी लिहिते. माफ कर.

ताई

रविवार, ३ मार्च

धाकट्या,

मागचं पत्र तुला मिळालं असेल किंवा उद्या मिळेल. त्याचं उत्तर मागत नाही. हे फक्त चोंबड्याचं, कारण ते तुला कळायलाच हवं.

तू म्हणालास तसं खायला टाकायचं म्हणून पोतडी उपसली. सात बाटल्यांमधल्या उरलेल्या चार, अकरा दगड, तीन दोर, गंजलेल्या किल्ल्या, कुणाचे तरी बूट. खायला तुकडा नाही! चिंगूस बाईच्या घरात सगळं असतं, पाहुण्याला द्यायला तेवढं काही नसतं. खाली जाऊन शोधावं तर कॉम्प्युटर मधेच करकरायला लागलेला. मी दारामागे उभी, पलीकडे कुत्रा, हातात दिवा. चार दिवस विचार केला नसेल इतका त्या एका मिनिटात केला. मग दिवा घासला आणि मागितले, पावाचे तुकडे, नग तीन. तीनच, म्हणजे राक्षस चिडायला नको.

तू म्हणाला होतास, कुत्र्यावर इच्छा घालवू नकोस. नाही घालवली. खाण्यावर घालवली. आता बस हिशेब करत, नियम मोडला की पाळला.

दार उघडलं. तो धावत आला. पहिला तुकडा टाकला, तर त्यानं तो खाल्ला आणि मला चावला. मी म्हटलं, साहजिक आहे. तुझं बारा वर्षांचं देणं आहे, घे चावून. मागे सरकले नाही. दुसरा तुकडा टाकला. खाल्ला. ओळ आली, "चोंबड्या शेपूट हलवतो." धाकट्या, एका अक्षराला शेपूट कुठली, पण मला दिसली.

मग मी जिन्यावर जाऊन उभी राहिले. या वेळी उतरले नाही. तो खोलीभर हुंगत फिरला, प्रत्येक कोपऱ्यात नाक घालून आला, चोंबडा तो चोंबडाच. मी एकेक घटका थांबायचं बटण दाबत राहिले. अठ्ठेचाळीस वेळा दाबलं. शेवटी तो शेजारच्या चौकोनात आला आणि आम्ही दोघं खाली उतरलो.

सातव्या तळघरात पडदा काळा झाला. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. नाव बदलायची वेळ त्याच्यावर आली नाही. पण दिवा रिकामा झाला होता, इच्छा एकही उरली नव्हती, आणि आम्ही मेलोही नव्हतो. तुझ्या वहीत यापुढे काही लिहिलेलं नाही.

ताई

शनिवार, ९ मार्च. तुझ्या जिन्यावर

धाकट्या,

हे पत्र टपालात टाकत नाही, दाराच्या फटीतून आत सरकवते आहे. कामाच्या पावतीच्या मागे लिहितेय, दुसरा कागद आणला नाही.

सकाळच्या गाडीनं आले. बेल दोनदा वाजवली. आत नळ चालू होता तो बंद झाला, चपला दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. म्हणजे आहेस. मी तिसऱ्यांदा वाजवणार नाही. दार उघड असंही म्हणणार नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण हवंय? मी म्हटलं, भाऊ. त्यांनी पाणी आणून दिलं, तेव्हा माझी काळजी करू नकोस.

सहाची परतीची गाडी आहे. तोवर इथं, तुझ्या दाराला लागून असलेल्या पायरीवर बसलेय. तू उतरून गेलास तेव्हा मी दोन पायऱ्या वर उभी होते आणि हलले नाही. म्हणून आज हलणार नाही.

बाबांच्या ताटातल्या पावाच्या कडा तू पळवायचास आणि आई तुझ्यासाठी मुद्दाम तव्यावर कडक करून ठेवायची, तशा करून आणल्यात. बऱ्याच करपल्यात, मला तिच्यासारख्या जमत नाहीत. एक कागदावर ठेवून उंबऱ्याशी सरकवलीय. दार बोटभर उघडलं तरी हाताला लागेल.

चावलास तरी चालेल. डब्यात अजून आहेत.

ताई